सोबत आणलेला दागिना आणि पार्सलने आलेला दागिना

परदेशात घेतलेला दागिना घरी दोन वाटांनी येतो. एक तर आपण प्रवासात सोबत आणतो, नाहीतर दुकानदार किंवा तिथला नातेवाईक तो पार्सलने पाठवतो. दागिना तोच, किंमत तीच, म्हणून कराचा हिशेबही तोच असणार असं बहुतेकांना वाटतं. पण प्रवाशाच्या सामानाचे नियम वेगळे असतात आणि टपाल-कुरियरचे वेगळे. एका वाटेवरची सूट दुसऱ्या वाटेवर चालत नाही. ‘मैत्रिणीने आणला तेव्हा काही भरावं लागलं नाही, मग मलाच का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं: तिने तो सोबत आणला होता, तुम्ही मागवला.

हा गोंधळ होण्यात लोकांची चूक फारशी नाही. अमेरिकेत तर बरीच वर्षं दोन्हीकडे आकडा सारखाच होता. पार्सलवरची करमाफीची मर्यादा २०१६ मध्ये २०० डॉलरवरून ८०० डॉलर झाली, आणि किमान ४८ तास देशाबाहेर राहून परतणाऱ्या रहिवाशाला मिळणारी प्रवासी सूटही सर्वसाधारणपणे ८०० डॉलरचीच. साहजिकच ‘आठशेपर्यंत काही लागत नाही’ एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं. मग २९ ऑगस्ट २०२५ पासून पार्सलवरची सूट सगळ्या देशांतून येणाऱ्या मालासाठी थांबवली गेली. प्रवाशाची सूट मात्र जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे तीच कर्णफुलं बॅगेतून आली तर माफ आणि खोक्यातून आली तर करपात्र, अशी स्थिती झाली. कॅनडात ही तफावत आधीपासूनच डोळ्यांत भरणारी आहे: ४८ तासांहून जास्त बाहेर राहून परतणाऱ्याला ८०० कॅनेडियन डॉलरची सूट, आणि टपालाने आलेल्या वस्तूला सर्वसाधारण मर्यादा फक्त २० डॉलरची.

आधी सोबत आणण्याची वाट पाहू. ही सूट माणशी असते आणि मोजताना फक्त दागिना नाही, तर परदेशात घेतलेल्या सगळ्या वस्तू धरतात (दारू-तंबाखूचा हिशेब वेगळा असतो). घड्याळ, कपडे, बूट यांतच मर्यादा संपली असेल तर अंगठीसाठी काही उरत नाही.

दागिन्यांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे एका वस्तूची किंमत तोडता येत नाही. ब्रिटनमध्ये विमानाने येणाऱ्या प्रवाशाची मर्यादा ३९० पौंड आहे. समजा अंगठी ५०० पौंडांची आहे. आपण मनात ५०० मधून ३९० वजा करतो आणि ११० वर कर भरायची तयारी ठेवतो. प्रत्यक्षात कर पूर्ण ५०० वर लागतो, कारण ती एक वस्तू आहे आणि ती मर्यादेत बसत नाही. पतीपत्नी दोघांच्या मर्यादा एकत्र करून ७८० होतात, असंही चालत नाही. युरोपीय संघात विमानाने किंवा समुद्रमार्गे येणाऱ्यासाठी ४३० युरो, जमिनीवरून येणाऱ्यासाठी ३०० युरो, आणि एका वस्तूची किंमत न तोडण्याचा नियम तिथेही आहे. ऑस्ट्रेलिया याहून कडक. प्रौढ प्रवाशाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि ते ओलांडले की वरच्या भागावर नव्हे, अशा सगळ्याच वस्तूंवर कर लागतो. भारताची रीत निराळी: एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी दागिन्यांची सूट ग्रॅमवर मोजतात, स्त्रियांना ४० ग्रॅम आणि पुरुषांना २० ग्रॅम. सुट्टीत आठवडाभर फिरून आलेल्याला ती मिळत नाही. हा वर्षाचा मुद्दा सांगणारे कमी आणि ग्रॅम सांगणारे जास्त, म्हणून तो मुद्दाम लिहिला.

‘अंगावर घातलं की ते वापरातलं धरतात’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो. तो ऐकू नका. सूट वापरातल्या वैयक्तिक वस्तूला असते, आणि नवा घेतलेला हार गळ्यात घातल्याने जुना होत नाही. डिक्लेअर न करता ग्रीन चॅनलमधून गेलात आणि पकडले गेलात, तर प्रश्न नुसत्या कराचा राहत नाही. दंड होतो, दागिना जप्त होऊ शकतो, आणि रक्कम मोठी असेल तर खटलाही. तेच रेड चॅनलला जाऊन बिल पुढे केलं तर कर भरून, पावती घेऊन माणूस बाहेर पडतो. मनात शंका असेल तर रेड चॅनलच धरावा, असं माझं ठाम मत आहे.

याची दुसरी बाजूही आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. घरचे, जुने, स्वतःचे दागिने घालून आपण परदेशी जातो आणि परतताना तेच नवे घेतले असावेत असा संशय येऊ शकतो. म्हणून जाण्याआधीच विमानतळावर कस्टम्सकडे त्यांची नोंद करून घेण्याची सोय बऱ्याच देशांत असते. अमेरिकेत त्यासाठी ४४५७ क्रमांकाचा फॉर्म आहे, भारतात निर्यात प्रमाणपत्र मिळतं. जुनं बिल, विम्याचे कागद, मूल्यांकनाचा दाखला, दागिन्याचा स्पष्ट फोटो, यांतलं जे असेल ते जवळ ठेवावं.

आणखी एक गल्लत पर्यटकांना मिळणाऱ्या कराच्या परताव्याबाबत होते. दुकानाने फॉर्म दिला, विमानतळावर शिक्का मारला, व्हॅट परत मिळाला, म्हणजे कराचा विषय संपला असं वाटतं. पण तो परतावा ज्या देशातून वस्तू बाहेर गेली त्याचा. वस्तू ज्या देशात शिरते त्याचा हिशेब तिथून पुढे सुरू होतो.

आता पार्सल. इथे दोन कर एकमेकांवर बसतात आणि कुरियरवाल्याने हातात ठेवलेला आकडा कुठून आला ते ग्राहकाला कळत नाही. पहिलं सीमाशुल्क, म्हणजे कस्टम ड्युटी. दुसरा व्हॅट किंवा जीएसटी, जो त्याच देशातल्या दुकानात घेतला असता तरी लागला असता. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरून मागवलेल्या १,००० युरोच्या सोन्याच्या साखळीचं उदाहरण घेऊ. पाठवणावळ आणि विमा मिळून ५० युरो. ड्युटी १,००० वर नाही, १,०५० वर मोजतात. सोन्याच्या दागिन्यांचा सर्वसाधारण दर २.५ टक्के, म्हणून २६.२५ युरो. आता व्हॅट १,०५० वरही नाही, ड्युटी धरून झालेल्या १,०७६.२५ वर, १९ टक्क्यांनी: २०४.४९ युरो. दोन्ही मिळून २३०.७४ युरो. शिवाय आपल्या वतीने कर आधी भरल्याबद्दल कुरियर कंपनी वेगळी फी लावते. तो कर नसतो, सेवाशुल्क असतं, आणि कंपनीनुसार बदलतं. बिल आलं की या तीन ओळी वेगळ्या करून पाहा. ड्युटी किती कमी आहे आणि खरा भार व्हॅटचा कसा आहे, ते लगेच दिसतं.

म्हणूनच ‘ड्युटी फ्री’ या शब्दांवर विसंबू नये. ड्युटी माफ असणं आणि कर माफ असणं वेगळं. युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या पार्सलवर ड्युटीची माफी ठेवली गेली, पण १ जुलै २०२१ पासून व्हॅट पहिल्या युरोपासून लागू झाला; पुढे ती ड्युटीची माफीही काढायचं २०२५ मध्ये ठरलं. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत ड्युटी नाही, व्हॅट मात्र खरेदीच्या वेळीच विक्रेत्याने घ्यायचा असतो. ऑस्ट्रेलियात १,००० डॉलरपर्यंतच्या मालावर २०१८ च्या जुलैपासून परदेशी मोठे विक्रेतेच १० टक्के जीएसटी लावतात. थोडक्यात, पार्सलवरच्या सवलती जगभर आटत चालल्या आहेत. चार वर्षांपूर्वीचा अनुभव सांगणाऱ्याने तेव्हा खरंच काही भरलं नसेल, पण आज तो अनुभव कामाचा नाही.

सोन्याचा आणि खोटा दागिना यांचं वर्गीकरणही वेगळं. आंतरराष्ट्रीय दर-यादीत मौल्यवान धातूंचे दागिने ७११३ या शीर्षकाखाली येतात, इमिटेशन ७११७ खाली. ‘खोटा आहे, मग कर कमीच असेल’ हे गृहीत धरू नका. युरोपीय संघात साध्या धातूच्या इमिटेशन दागिन्यांचा सर्वसाधारण दर ४ टक्के आहे, सोन्याहून जास्त.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘गिफ्ट’ या शब्दाचे. टपालाच्या खोक्यावर सीमाशुल्काचा फॉर्म चिकटवलेला असतो, लहान किमतीसाठी सीएन २२, मोठ्या किमतीसाठी सीएन २३. त्यावर चौकोन असतात: भेट, कागदपत्रं, नमुना, विक्रीचा माल वगैरे. खाली वस्तूचं वर्णन, वजन, किंमत. दुकानदार आपुलकीने विचारतो, ‘गिफ्टवर खूण करू का? किंमत वीस लिहितो.’ खूण कुठेही केली तरी विकत घेतलेला माल भेट ठरत नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघात भेट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, पैसे न घेता, प्रसंगाने पाठवलेली वस्तू, आणि खऱ्या भेटीलाही मर्यादा आहेच: ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो. भारतात तर डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद आहे. पूर्ण कर भरून भेट घेता येते. सोन्याच्या कड्यांना वाढदिवसाच्या कागदात गुंडाळलं तरी यात फरक पडत नाही.

कमी लिहिलेल्या किमतीचा धोका मात्र पूर्णपणे तुमचा. कस्टम्सने पार्सल उघडलं, आत खरं बिल सापडलं किंवा तोच दागिना विक्रेत्याच्या साइटवर दिसला, की पार्सल अडकतं. पैसे कसे दिले याचा पुरावा मागतात. आणि वाटेत पार्सल हरवलंच, तर भरपाई लिहिलेल्या वीसच्या आधारावरच मागता येते. म्हणून विक्रेत्याने असं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, आणि तेही लेखी.

मागवण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न विचाराच: दाखवलेल्या किमतीत आयातीचे कर धरले आहेत की दारात भरायचे? व्यापारी भाषेत पहिल्याला डीडीपी म्हणतात, दुसऱ्याला डीएपी. डीडीपी असेल तर बिलावर तसं लिहून घ्या, नाहीतर तोच कर दुसऱ्यांदा मागितला जाण्याची शक्यता राहते.

अंगठीचं माप चुकलं तर परत पाठवण्याचाही फरक पडतो. पार्सलने आलेली अंगठी परत पाठवल्यावर विक्रेता आपली किंमत देतो. भरलेला कर सरकारकडून परत मागावा लागतो, ठरलेल्या मुदतीत, आणि तीच वस्तू देशाबाहेर गेली हे दाखवून. त्यामुळे आधी अर्जाची पद्धत पाहून घ्या, मग खोकं बंद करा. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवतानाही तसंच: जाताना कागदावर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ अशी रीतसर नोंद नसेल, तर परत येताना आपल्याच दागिन्यावर पूर्ण किमतीचा कर मागितला जाऊ शकतो.