पुरळ आधी की ताप आधी?

१८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर गोवर पोचला. त्याआधीची तिथली साथ १७८१ सालची, म्हणजे मधली ६५ वर्षं बेटांवर हा आजार नव्हताच. सुमारे ७,८०० लोकवस्तीतली ६,००० हून जास्त माणसं काही महिन्यांत आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पाठवलेला पीटर पानुम हा तरुण डॉक्टर गावोगाव हिंडला आणि त्याने जिथे तिथे तारखा टिपून घेतल्या. बाहेरचा माणूस घरी कधी येऊन गेला, पहिल्याला पुरळ कधी उठलं, दुसऱ्याला कधी. विषाणू नावाची वस्तू तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. तरीही नुसत्या तारखांच्या जोरावर त्याने दोन गोष्टी सांगितल्या. संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात, आणि १७८१ मध्ये ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा होत नाही. दोन्ही गोष्टी आजही खऱ्या आहेत.

आपण आता याच्या उलट करतो. मुलाच्या पाठीवर ठिपके दिसले की आधी फोटो काढतो, चार जणांना पाठवतो आणि विचारतो, ‘हे काय असेल?’ फोटो बऱ्याचदा फसवतो. त्वचेच्या तऱ्हा मोजक्याच असतात. ती लाल होते, सुजते, पाण्याने भरते, पापुद्रे धरते, खाजते. कारणं शेकडो असली तरी दिसणं या चार-पाच प्रकारांतलंच. त्यात पाठ्यपुस्तकांतली बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीची. सावळ्या अंगावर तेच ‘लाल’ पुरळ तपकिरी, जांभळट किंवा राखी दिसतं. कधी डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त हाताला खरखर लागते. म्हणून अनुभवी डॉक्टर पुरळाकडे बघता बघता प्रश्न विचारत असतात. ताप आधी आला की पुरळ? सुरुवात कुठून झाली? खाज आहे? घरात आणखी कोण खाजवतंय? या प्रश्नांची नीट उत्तरं दहा फोटोंना भारी पडतात.

गोवरच घ्या. त्यात पुरळ उशिरा येतं. आधी तीन-चार दिवस चढता ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मूल किरकिरं होतं, उजेड नकोसा होतो. मग कानांमागून आणि केसांच्या कडेपासून पुरळ सुरू होतं आणि चेहऱ्यावरून छाती, पोट, पाय असं खाली उतरत जातं. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी गालांच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लालसर भागावर बारीक पांढरे ठिपके दिसू शकतात. हेन्री कोपलिक या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञाने १८९६ साली त्यांचं महत्त्व सांगितलं, आणि आजही डॉक्टर तापलेल्या मुलाला तोंड उघडायला लावतात त्यामागे हेही एक कारण असतं. अडचण अशी, की गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून पसरू लागतो. पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळं ठेवलं तरी निम्मं काम होऊन गेलेलं असतं. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि लस न घेतलेल्या समाजात एकापासून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होते.

गोवराचा विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. पण उपाय काहीच नाही असंही नाही. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन मोठे डोस द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. हे डोस डॉक्टरांनीच द्यायचे, कारण जास्तीचं ‘अ’ जीवनसत्त्व विषारी ठरतं. गोवराचा खरा घाव पुढे कळतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवराआधी आणि नंतर तपासणी केली होती. आधीच्या आजारांशी लढून कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गायब झाली होती. म्हणजे गोवर बरा झाल्यावर पुढचे कित्येक महिने मुलाला जुनेच आजार नव्याने गाठू शकतात. ‘होऊन जाऊ दे एकदाचा, शरीर पक्कं होतं’ हे म्हणणं गोवराच्या बाबतीत सरळ चूक आहे.

रोझिओला नावाच्या आजारात सगळं उलटं घडतं. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन ते पाच दिवस सणसणीत ताप येतो, दुसरं काहीच दिसत नाही, आणि ताप झटकन उतरला की पोटापाठीवर फिकट गुलाबी पुरळ उमटतं. ते दिसलं की आजार संपत आला असं समजायचं. उपचार लागत नाही. गंमत अशी, की एव्हाना कुणी तरी बाळाला प्रतिजैविक सुरू केलेलं असतं. चौथ्या दिवशी पुरळ उठतं, दोष औषधावर जातो आणि ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हा शिक्का बाळाच्या कागदावर कायमचा बसतो. असा शिक्का असलेल्यांची रीतसर तपासणी केली तर दहापैकी जवळपास नऊ जणांना ॲलर्जी नसतेच. पण पुढे खरी गरज पडते तेव्हा साधं, उत्तम औषध बाजूला ठेवून दुसरं शोधावं लागतं.

कांजिण्यांना एवढी वाट बघायला लावायची सवय नाही. बारीक ताप, आणि एक-दोन दिवसांत पुरळ. आधी लाल ठिपका, मग त्यावर पाण्याचा फोड. जुनी वैद्यकीय पुस्तकं त्याला गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू म्हणतात. मग खपली. ओळखायची खूण अशी, की नवे फोड लाटांनी येत राहतात, त्यामुळे एकाच वेळी ठिपका, फोड आणि खपली अशा तिन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसतात, तेही चेहरा आणि हातपायांपेक्षा धडावर जास्त. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल इतरांना आजार देऊ शकतं. धडधाकट मुलाला ताप आणि खाज कमी करणारं औषध, कापलेली नखं आणि भरपूर पाणी एवढं बहुधा पुरतं. ॲस्पिरिन मात्र द्यायची नाही. त्याने मेंदू आणि यकृतावर आघात करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळावं, त्याचा संबंध त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी जोडला गेला आहे. तापाला पॅरासिटामॉल. किशोरवयीन, प्रौढ, गरोदर बाई, नवजात बाळ किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेला कोणी असेल, तर विषाणूविरोधी औषधाचा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो, म्हणून थांबू नये. उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा एखाद्या फोडाभोवतीची जागा गरम, सुजलेली, दुखरी झाली, तर वर जिवाणूंचा संसर्ग झालाय असं धरून चालावं.

काही पुरळं मुलाला सोडून देतात आणि त्रास दुसऱ्याच कोणाला देतात. रुबेला मुलांमध्ये इतका सौम्य, की कित्येकदा लक्षातही येत नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना एकाएकी मोतीबिंदू असलेली नवजात बाळं खूप दिसू लागली. त्यांनी आयांना गरोदरपणाबद्दल विचारलं, तेव्हा बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला होऊन गेला होता. इथेही उलगडा तारखांनीच झाला. गालावर कुणी थप्पड मारल्यासारखी लाली आणणारा पार्व्होविषाणू बी-१९ हाही असाच. मुलाला जेमतेम जाणवतो, पण गर्भाला आणि सिकलसेलच्या रुग्णाला महागात पडतो. गाल लाल होईपर्यंत त्याचा संसर्गाचा काळ उलटलेला असतो, त्यामुळे तेव्हा मुलाला शाळेतून घरी ठेवून फारसं काही साधत नाही. हात-पाय-तोंडाच्या आजारात तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येतात, आठवडाभरात बरे होतात. काही आठवड्यांनी नखं मुळापासून सुटून येतात तेव्हा आईबाप घाबरतात. ती परत येतात.

तारखांचा हिशेब बाजूला ठेवून धावायचं अशी वेळ एकच. ताप आहे आणि पुरळ दाबल्यावर फिकं होत नाही. काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबून धरायचा. काचेखालीही ठिपके तसेच दिसले तर रक्त वाहिन्यांबाहेर झिरपलेलं आहे. मेनिंगोकॉकस जिवाणू रक्तात पसरल्यावर हे होतं, आणि तिथे तासांचा फरक जिवाचा फरक असतो. सावळ्या त्वचेवर तळहात, तळपाय, टाळू आणि पापणीची आतली बाजू बघावी. जोरदार खोकल्याने किंवा उलट्यांनी चेहऱ्या-मानेवर असे ठिपके येतात, ते बहुधा निरुपद्रवी. पण हा निवाडा घरी करू नये. आणि पेल्याची परीक्षा पास झाली म्हणून निर्धास्तही होऊ नये. मूल मलूल पडलंय, हातपाय गार आहेत, श्वास भराभर चालतोय, मान ताठ आहे, तर ठिपके असोत नसोत, निघायचं.

आता ताप नसलेली, नुसती खाज. अंगावर पित्त उठलं की पहिला संशय खाण्यावर जातो. लहान मुलांत अचानक उठणाऱ्या पित्तामागे बऱ्याचदा साधा विषाणुसंसर्ग असतो. एका गांधीभोवती पेनाने गोल काढून ठेवा. २४ तासांत ती तिथून नाहीशी होऊन दुसरीकडे उठली तर ते पित्तच, आणि त्याला झोप न आणणारी ॲलर्जीविरोधी गोळी किंवा औषध पुरतं. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, तर मात्र अशा गोळीने भागत नाही. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं.

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आहेत आणि घरातले आणखी दोघं खाजवताहेत, तर खरूज. तिचा किडा जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब. बोनोमो आणि चेस्टोनी या इटालियन जोडीने १६८७ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला होता, तरी वैद्यकाला पटायला दीडशे वर्षं लागली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शेफील्डला केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने युद्धाला नकार देणाऱ्या स्वयंसेवकांना खरूजग्रस्त सैनिकांच्या पांघरुणांत झोपवलं. लागण जवळजवळ झालीच नाही; ती होते ती कातडीला कातडी बराच वेळ लागून. अख्ख्या अंगावर प्रौढ माद्या सरासरी दहा-बाराच सापडल्या. सगळी खाज त्या मूठभर जिवांवरच्या ॲलर्जीची. ही ॲलर्जी तयार व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात, आणि खरजेचा उपचार फसतो तो इथेच. ज्याला खाज नाही तोही किडा बाळगून असतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायांच्या नखांपर्यंत लावायचं, आठ ते चौदा तास ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. तान्ह्या बाळाला काय आणि कसं लावायचं हे डॉक्टरांना विचारूनच. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकते. तेवढ्यासाठी मलम पुन्हा पुन्हा चोपडू नये, त्याने कातडी आणखी चिडते.

नायटा गोल, कडेने उठावदार आणि मधून निवळत जाणारा. हे चित्र इतकं ओळखीचं, की फोटोवरूनही कळावं. पण आता तो तसा दिसतच नाही, कारण रुग्ण येईपर्यंत त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम लावून झालेलं असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, कड पुसली जाते आणि बुरशी खालून बिनबोभाट पसरते. अशा मिश्र मलमांबद्दल माझं मत कडक आहे: निदान झालेलं नसताना ती घरात असूच नयेत. नायट्याला नुसतं बुरशीनाशक लागतं, डाग गेल्यावरही एक-दोन आठवडे. मुलाच्या डोक्यात नायटा असेल, केस तुटून चकंदळ पडलं असेल, तर मलम केसांच्या मुळाशी पोचत नाही; तिथे पोटातून औषध घ्यावं लागतं.

या अनुभवामुळे लोक स्टेरॉइडला जिथे भ्यायचं कारण नाही तिथेही भितात. इसब असलेल्या मुलाचं नेमकं त्यात नुकसान होतं. बाळपणी गालांवर, पुढे कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत येणारा हा इसब स्पर्शाने पसरत नाही. २००६ साली फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष सापडले, तेव्हा कळलं की अनेक मुलांत त्वचेचं आवरणच जन्मतः विरळ असतं. पाणी बाहेर जातं, त्रासदायक घटक आत येतात. म्हणून बिनवासाचं मॉइश्चरायझर रोज, सढळ हाताने, इसब दिसत नसतानाही. आणि भडकलेल्या जागी डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचं स्टेरॉइड, पुरेसं. पुरेसं म्हणजे किती याला माप आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, मलमाची एक रेघ पिळायची. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशा ३० रेघा बसतात. मुलाचे चट्टे तसेच आहेत आणि तीन महिन्यांपूर्वीची ट्यूब अजून अर्धी शिल्लक आहे, तर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून ते बदलून मागण्याआधी ती ट्यूब डॉक्टरांना दाखवावी.