डबा कोणत्या सालचा? ब्रिटिश पुलमन आणि नॉर्दर्न बेल

बाबांनी जवळपास तीस वर्षं डेक्कन क्वीनने पुणे–मुंबई केलं. त्यामुळे कुठल्याही गाडीत बसले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डबा कोणत्या सालचा?" लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात ब्रिटिश पुलमन या आलिशान सहलीच्या गाडीत बसल्यावर कोट नीट करून त्यांनी स्टुअर्डला तेच विचारलं आणि उत्तर ताबडतोब आलं. "ही 'ऑड्री', १९३२ सालची. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये याच स्थानकात बॉम्बने जखमी झाली होती." बाबा काही बोलले नाहीत. खिडकीशेजारच्या लाकडावरून त्यांनी फक्त एकदा हात फिरवला.

पुढच्या वर्षी आम्ही लीड्सला माझ्या मावसबहिणीकडे गेलो. तिने नॉर्दर्न बेलची तिकिटं काढून ठेवली होती. फलाटावर गाडी आली, खाली गडद तपकिरी आणि वर साय रंग, डब्यांवर सोनेरी अक्षरांत नावं, टेबलांवर दिवे. बाबा म्हणाले, "अगं, ही तर तीच गाडी!" ही चूक अनेकांची होते. इंग्लंडला मुलांकडे आलेले आपले लोक फोटो पाठवतात, तेव्हा दोन्हींखाली 'ओरिएंट एक्सप्रेस' असं लिहिलेलं असतं. ती ओरिएंट एक्सप्रेस नव्हे, आणि या दोन गाड्याही एक नव्हेत. सकाळी निघायचं, जाताना-येताना साग्रसंगीत जेवायचं, मधे एखादं जुनं शहर बघायचं आणि रात्री परत, एवढं मात्र दोन्हींत सारखं आहे.

घोळ होण्याला कारणही आहे. दोन्ही एकाच घरच्या. १९७७ मध्ये जेम्स शेरवुड या उद्योजकाने माँटे कार्लोच्या लिलावात जुन्या ओरिएंट एक्सप्रेसचे दोन डबे घेतले आणि मग युरोपभर पडलेले डबे शोधायचा सपाटा लावला. २५ मे १९८२ ला व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस सुरू झाली. लंडनहून इंग्लिश खाडीपर्यंत प्रवाशांना पोचवायला इंग्लंडमधले जुने पुलमन डबे, म्हणजे पुलमन कंपनीचे आलिशान डबे, डागडुजी करून जोडले गेले. तीच ब्रिटिश पुलमन. २०२३ च्या हंगामानंतर हा खाडीपर्यंतचा टप्पा बंद झाला आणि आता ती इंग्लंडातल्या इंग्लंडातच फिरते. नॉर्दर्न बेल त्याच कंपनीने २००० साली काढली, उत्तरेकडच्या प्रवाशांना लंडन गाठावं लागू नये म्हणून. २०१७ मध्ये ती विकली गेली. आज ब्रिटिश पुलमन बेलमंड कंपनीकडे आहे आणि नॉर्दर्न बेल दुसऱ्या मालकाकडे. म्हणजे एकीचं तिकीट दुसरीच्या संकेतस्थळावर शोधू नका, मिळणार नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते, कारण खरा फरक त्यातच आहे.

ब्रिटिश पुलमनचे डबे अस्सल आहेत. सगळ्यात जुना 'आयबिस' १९२५ चा. 'ऑड्री', 'व्हेरा' आणि 'ग्वेन' हे ब्रायटन बेलचे डबे. ब्रायटन बेल ही लंडन–ब्रायटन धावणारी विजेची गाडी होती, ती १९७२ मध्ये बंद पडली. पण सगळेच डबे महायुद्धाआधीचे आहेत असं नाही, 'सिग्नस' आणि 'पर्सिअस' १९५१ चे आहेत. १९६५ मध्ये चर्चिल यांचं पार्थिव नेणाऱ्या गाडीत 'पर्सिअस' होता. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'फीनिक्स'. १९३६ मध्ये 'रेनबो' नावाचा डबा जळाला, त्याचा सांगाडा ठेवून त्यावर १९५२ मध्ये हा बांधला. राखेतून उठला म्हणून नाव फीनिक्स.

ही नावंही उगाच नाहीत. पुलमन कंपनीची पद्धत अशी होती की पहिल्या वर्गाच्या डब्याला नाव मिळायचं आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्याला नुसता आकडा. आत शिरल्यावर लाकडात लाकूड बसवून केलेली नक्षी दिसते, ती प्रत्येक डब्यात वेगळी. 'आयबिस'मध्ये नाचणाऱ्या ग्रीक मुली आहेत. स्वच्छतागृहात जाऊन जमीन जरूर बघा, तिथे मोझेकची चित्रं आहेत. डब्यात माणसं थोडी, वीस-पंचवीसच, आणि खुर्च्या घरातल्या दिवाणखान्यात असाव्यात तशा ऐसपैस, जमिनीला न खिळलेल्या.

नॉर्दर्न बेलच्या स्टुअर्डला बाबांनी विचारलं तेव्हा ती मुलगी हसून म्हणाली, "डबे ब्रिटिश रेल्वेचे आहेत, आतली सजावट १९३० च्या धर्तीवर केली आहे." तिने लपवलं नाही, हे मला फार आवडलं. हे मार्क १ आणि मार्क २ जातीचे, युद्धानंतरच्या काळातले डबे. एकेकाळी त्यांतून साधे प्रवासी साध्या कामाला जात असत. नावं मात्र किल्ल्यांची आणि वाड्यांची आहेत, 'ॲनिक', 'वॉरिक', 'चॅट्सवर्थ', 'ग्लॅमिस', 'हार्लेक'. लाकूडकाम देखणं आहे, पडदे जड आहेत, जेवण उत्तम. पण ते लाकूड १९३० च्या सुताराने जोडलेलं नाही.

हा फरक बाबांना एवढा का लागतो, ते सांगायला हवं. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. तिच्या पहिल्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनले होते आणि वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली होती. एक गाडी रुपेरी, लाल पट्ट्यांची. दुसरी निळी, सोनेरी रेघांची. म्हणजे 'ऑड्री'पेक्षा आपली डेक्कन क्वीन दोन वर्षांनी मोठी. पण ते मूळ डबे १९६६ मध्ये बदलले गेले आणि बाबा पास काढून जायला लागले त्यानंतर. जेवणाच्या डब्यातलं ऑम्लेट-टोस्ट त्यांनी वर्षानुवर्षं खाल्लं, पण मूळ डब्यात बसणं त्यांच्या नशिबात नव्हतं. 'ऑड्री'च्या लाकडावरून हात फिरवताना त्यांना काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग ब्रिटिश पुलमनच घ्या. मीही लीड्सला जाईपर्यंत हेच म्हणत होते. पण दिवसभराच्या सहलीत डबा निम्मा असतो, उरलेला निम्मा रस्ता आणि शहर.

ब्रिटिश पुलमनने आम्ही बाथला गेलो. पॅडिंग्टनहून साध्या गाडीने बाथ दीड तासाच्या आत येतं. पुलमन व्हिक्टोरियाहून निघते, लंडनला वळसा घालते, नेहमीच्या गाड्यांना वाट देत सावकाश जाते, आणि तोवर तुमचा नाश्ता दोनदा वाढला जातो. बाथ येण्याआधी खिडकीत बसा. सिडनी गार्डन्स नावाच्या बागेच्या मधोमध रूळ टाकलेले आहेत. बागेत फिरणाऱ्यांना गाडी दिसावी म्हणून ब्रुनेल या अभियंत्याने १८४० च्या सुमारास तिथे भिंत मुद्दाम ठेंगणी ठेवली. आमची गाडी गेली तेव्हा बागेतली माणसं उभी राहून हात हलवत होती. शहरात तीनचार तास मिळतात. रोमन लोकांनी बांधलेली स्नानगृहं स्थानकापासून पाचसात मिनिटांवर आहेत आणि तिथला झरा आजही सुमारे ४६ अंशांचं गरम पाणी देतो. रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची अर्धचंद्राकृती रांग चढावर आहे. गुडघे दुखत असतील तर तिथवर टॅक्सी करा, वेळ कमी असतो.

लीड्सहून नॉर्दर्न बेल आम्हाला कार्लाइलला घेऊन गेली, सेटल–कार्लाइल मार्गाने. हा मार्ग मिडलंड रेल्वेने डोंगर फोडून बांधला आणि १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुला केला. चोवीस कमानींचा रिबलहेड पूल, मग बोगदे, मग डेंट हे इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सर्वांत उंच स्थानक, सुमारे ३५० मीटरवर. आणि इथे माझं मत बदललं. अमेरिकेहून पुलमन डबे आणून १८७४ मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा चालवले ते याच मिडलंड रेल्वेने, आणि हा मार्ग खुला झाल्याबरोबर स्कॉटलंडच्या गाड्यांना तिने ते जोडले. म्हणजे ब्रिटिश पुलमनमध्ये डबा अस्सल आहे, तर नॉर्दर्न बेलच्या या फेरीत रस्ता अस्सल आहे. दक्षिणेत धावणाऱ्या त्या जुन्या डब्यांच्या खिडकीतून असा उघडा माळ दिसणार नाही. (पूल मात्र गाडीतून नीट दिसत नाही, फक्त वळणावर मागचे डबे कमानींवर आलेले दिसतात. त्या क्षणी मान वळवायला विसरू नका.)

कार्लाइल बाथइतकं नटलेलं नाही. लाल दगडाचा किल्ला आहे, १०९२ मध्ये उभारायला घेतलेला. १५६८ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीला तिथे नजरकैदेत ठेवलं होतं. कॅथेड्रल जवळच आहे, दोन्ही निवांत पायी होतात. गर्दी नाही, म्हणून बाबांना ते बाथपेक्षा बरं वाटलं.

निवडताना आधी आपण कुठे राहतो ते बघा. ब्रिटिश पुलमन व्हिक्टोरियाहून निघते. नॉर्दर्न बेल वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या शहरांतून निघते, म्हणून मँचेस्टर, लीड्स किंवा लिव्हरपूलला मुलगा असेल तर आदल्या रात्री लंडनच्या हॉटेलचा खर्च वाचतो. दोन्हींचं भाडं माणशी काही शे पौंडांत जातं, म्हणून कोणत्या फेरीत मद्य धरलं आहे आणि शहरातलं प्रवेशशुल्क धरलं आहे का, हे आधी वाचा. दोघांचंच टेबल हवं असेल तर तेही तिकीट काढतानाच विचारा. शाकाहारी जेवण तेव्हाच लिहून द्यावं, फलाटावर सांगून चालत नाही. वाफेचं इंजिन काही ठरावीक फेऱ्यांनाच असतं, एरवी डिझेल. जीन्स आणि खेळाचे बूट नकोत. आईने दोन्ही वेळा पैठणी नेसली होती, आणि व्हिक्टोरियाच्या फलाटावर एका इंग्रज आजींनी तिला थांबवून पदरावरचे मोर निरखून पाहिले. आणि कुणाला फक्त बाथ किंवा यॉर्क बघायचं असेल, तर साधं तिकीट काढून सकाळी लवकर जावं. गाव पाहायला दुप्पट वेळ मिळतो.

परतीच्या वाटेवर, उजेड कमी होत असताना, पुन्हा तो डोंगराळ माळ आला. जेवण वाढलं होतं आणि बाबांनी काटा खाली ठेवला होता. सकाळपासून डब्याच्या सालाबद्दल त्यांनी परत एक शब्दही काढला नव्हता. ते आईला म्हणाले, "तू इकडे बस, माझ्या जागेवर. इथून जास्त दिसतं."