विदर्भातल्या गावशाळेत इंग्रजी : पार्श्वभूमी

अभ्यासक्रम इंग्रजीला दुसरी भाषा मानतो. मेळघाटातलं पोर मात्र घरी कोरकू बोलतं, बाजारात वऱ्हाडी किंवा हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी शिकतं. त्याच्यासाठी इंग्रजी चौथी. भामरागडकडे कोरकूच्या जागी माडिया.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढच्याच वर्षी भोसल्यांचं नागपूर खालसा झालं. 1854 मध्येच इंग्रज सरकारचं शिक्षणधोरण ठरवणारा वुडचा खलिता आला : वरच्या शिक्षणात इंग्रजी, खालच्या शाळांत देशी भाषा. इथे इंग्रजी आली ती कचेरीची आणि परीक्षेची भाषा म्हणून. ती बोलायची गरज क्वचितच पडे. वाचून अर्थ सांगता आला की झालं. शब्दार्थ, भाषांतर, पाठांतर ही चाल तेव्हापासूनची, आणि ती अजून सुटलेली नाही.

विरोधाचा सूरही याच मातीतला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या शिक्षण योजनेची, नई तालीमची आखणी झाली : सात वर्षं सक्तीचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने. मातृभाषेबद्दल ती योजना बरोबरच होती. पण नोकरी इंग्रजीच मागत राहिली. फुले दांपत्याने इंग्रजीकडे शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची वाट म्हणून पाहिलं होतं. वस्तीवरचा मजूर आज पोटाला चिमटा काढून पोराला ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालतो, त्यामागे तीच आस आहे. त्याला खूळ म्हणणं अन्याय आहे.

2000 साली मराठी शाळांत पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. शिकवणारे बहुतेक स्वतः पाचवीपासून शिकलेले. शिवाय साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक. एका वर्गाला इंग्रजी वाचायला लावलं की बाकीचे वर्ग ताटकळतात. मग सामूहिक घोकणी चालते. ती ऐकायला छान वाटते, पण एकट्या मुलाला उभं केलं की आवाज बंद.

तो बंद होण्याचं एक कारण उच्चारात आहे. लेखणी आणि वेदना यांचे इंग्रजी शब्द देवनागरीत दोन्ही ‘पेन’च, फळ्यावर उच्चार देवनागरीत लिहून दिला की फरक तिथेच मरतो. दुसरं कारण अधिक खोल आहे. ‘डोया’ म्हणणाऱ्या पोराला आधी ‘डोळा’ म्हण म्हणून टोकलं जातं, मग त्याच डोळ्याचं इंग्रजी विचारलं जातं. दोनदा चुकलेलं पोर तिसऱ्यांदा बोलत नाही.

म्हणून सुरुवात गावात रुळलेल्या शब्दांनी करावी : मोटर, स्टार्टर, पंप, जिनिंग, टायर, बॅटरी. आठवड्याला दहा पुरेत. आधी ऐकवायचे, मग दोघादोघांत बोलायचे, वस्तूवर चिठ्ठी लावायची, स्पेलिंग सगळ्यात शेवटी. ‘इस्टार्टर’ म्हटलं तर न टोकता बरोबर उच्चार वाक्यात परत ऐकवायचा. कापूस वेचणीला गेलेली मुलं परतली की नवा धडा थांबवून आठवडाभर हेच शब्द पुन्हा घ्यावेत.