निचऱ्यावर जगलेली पाणथळ: स्टिलवॉटरची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील स्टिलवॉटर अभयारण्यात यंदा हंस किती उतरतील याचा अंदाज बांधायचा, तर आधी लाहोंटन धरणात पाणी किती साठले आहे ते पाहावे लागते. पक्षी आणि पाटबंधारे यांची ही सांगड शंभर वर्षांहून जुनी आहे. आजचे बहुतेक वाद तिच्यातूनच निघालेले आहेत.

सिएरा नेवाडा पर्वतातून उतरणारी कार्सन नदी समुद्राला मिळत नाही. ती वाळवंटातल्या सखल भागात पसरते आणि तिथेच संपते. हिमयुगातील लाहोंटन सरोवर आटल्यावर मागे राहिलेल्या या दलदलीच्या काठी पायूट जमातीचे लोक पाणकणसावर, माशांवर आणि बदकांवर जगले. शेजारच्या हम्बोल्ट खोऱ्यातील एका गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याची बनावट बदके सापडली. खऱ्या बदकांना भुलवण्यासाठी केलेली ही बाहुली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

खरी उलथापालथ १९०२ च्या सिंचन कायद्यापासून सुरू झाली. १९०५ मध्ये शेजारच्या ट्रकी नदीवर बंधारा घालून तिचे पाणी कालव्याने कार्सनच्या खोऱ्यात वळवले गेले आणि १९१५ मध्ये लाहोंटन धरण उभे राहिले. त्याआधी खोऱ्यातील पाणथळ अंदाजे दीड लाख एकरांवर होती. शेती वाढली तशी ती आक्रसत गेली. तिकडे ट्रकीच्या शेवटी असलेले पिरॅमिड सरोवर खाली जाऊ लागले. त्याला लागून असलेले विनेमुका सरोवर तर १९३० च्या दशकाच्या अखेरीस पार कोरडे पडले. त्या सरोवरावर १९३६ मध्येच पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले होते. पाणी उरले नाही तेव्हा ते रद्द करावे लागले.

स्टिलवॉटरसाठी १९४८ मध्ये पन्नास वर्षांचा करार झाला. सुमारे २,२४,००० एकर क्षेत्र वन्यजीव, शिकार आणि चराईसाठी राखले गेले. त्यातला एक भाग शिकारीला बंद ठेवून पुढे राष्ट्रीय अभयारण्य झाला. करारात जमीन मिळाली, स्वतःचा पाणीहक्क मात्र मिळाला नाही. त्यानंतर पाणथळ दोन गोष्टींवर तगली: हिवाळ्यात वीजनिर्मितीसाठी धरणातून सोडलेले पाणी आणि शेतांमधून चाऱ्यांवाटे येणारे निचऱ्याचे पाणी.

यातला पहिला आधार १९६७ मध्ये गेला. केवळ विजेसाठी पाणी सोडणे थांबवावे, असा केंद्राचा आदेश आला. पुढे न्यायालयाने ट्रकीचे पाणी विनाकारण वळवण्याला चाप लावला. पिरॅमिड सरोवराची पातळी तोवर सुमारे ८० फूट उतरली होती आणि तिथला कुई-उई मासा नामशेष होण्याच्या वाटेवर होता, त्यामुळे हा निर्णय योग्यच होता. पण त्याचबरोबर पाटबंधाऱ्यांची कार्यक्षमता वाढवण्याची सक्ती झाली. गळती कमी झाली तसा निचराही घटला आणि त्याचा थेट फटका दलदलीला बसला. सरोवरातील अनाहो बेटावर १९१३ पासून संरक्षण असलेले पांढरे पेलिकन डोंगर ओलांडून याच पाणथळीत मासे धरायला येतात. मासा आणि पक्षी यांच्यात निवड करायला लावणारी ही वाटणी पेलिकनांच्याही मुळावर येते, हे त्या काळी फारसे कोणी बोलले नाही.

उरलेले पाणीही चांगले नव्हते. निचऱ्यासोबत क्षार, आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम येते. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींसाठी वापरलेला पारा नदीच्या गाळात आजही आहे. इथून पाणी पुढे कुठेच जात नाही, फक्त हवेत उडते, त्यामुळे जे आले ते साचत जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यात मोठे पूर आले, नंतर पाणी ओसरले आणि १९८७ च्या सुमारास कार्सन सिंकमध्ये, म्हणजे नदी जिथे संपते त्या सखल भागात, लाखो मासे मेले, पाठोपाठ पक्षीही. पाणपक्ष्यांच्या स्थलांतरासाठी हे खोरे संपूर्ण गोलार्धात महत्त्वाचे असल्याची घोषणा १९८८ मध्ये झाली, ती या पार्श्वभूमीवर.

१९९० च्या कायद्याने प्रथमच पाणथळीला हक्काचे पाणी देण्याचा मार्ग काढला. खोऱ्यात सरासरी २५,००० एकर पाणथळ टिकवायची, त्यातली १४,००० एकर स्टिलवॉटरमध्ये, १०,२०० कार्सन लेक या पाणथळीत आणि ८०० पायूट-शोशोन जमातीच्या राखीव जमिनीत. त्यासाठी स्वेच्छेने विकणाऱ्या शेतकऱ्यांकडून पाणीहक्क विकत घ्यायचे. वर्षाला सुमारे १,२५,००० एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी), म्हणजे एकरी पाच एकर-फूट, पाणी लागेल असा हिशेब होता.

आणि इथेच सगळे अडले. शेतकऱ्याला माळावरच्या जमिनीसाठी एकरी ४.५ आणि सखल जमिनीसाठी ३.५ एकर-फुटांचा हक्क आहे. तोच हक्क दलदलीकडे वळवला की २.९९ एकर-फूटच मान्य होतात, कारण लसूणघासाचे पीक प्रत्यक्षात तेवढेच पाणी पिते, असे न्यायालयीन निवाड्यात धरले आहे. बाकीचे पाणी प्रवाहात परत जाते, त्यावर इतरांचा हक्क असतो, हा त्यामागचा तर्क. कागदावर तो बिनचूक आहे. पण हे परत जाणारे पाणीच तर आजवर निचरा म्हणून दलदलीत येत होते! शेत पडीक पडले की त्याचा निचराही बंद होतो. म्हणजे एका हाताने २.९९ मिळतात आणि दुसऱ्या हाताने आधीचे जाते. निव्वळ विकत घेतलेल्या पाण्यावर एक एकर दलदल जगवायची तर दीड एकराहून जास्त शेतीचे हक्क लागतात. शेतकऱ्यांची तक्रारही पोकळ नाही: कालव्यांचा पाझर कमी झाला की घरगुती विहिरींची पातळी खाली जाते. तरीही माझ्या मते २.९९ ची अट दलदलीवर अन्याय करणारी आहे, कारण दलदल एकरी किती पाणी पिते, हा प्रश्न त्या आकड्यात कुठेच येत नाही.

खरेदी तेव्हापासून टप्प्याटप्प्याने होत आली आहे. अ‍ॅव्होसेट, कॅनव्हासबॅक बदके आणि हजारोंनी घरटी करणाऱ्या पांढऱ्या चेहऱ्याच्या शराटी यांना त्याचा फायदा झाला. मात्र विकत घेतलेला हक्क धरणातल्या साठ्याशी बांधलेला असतो. सिएरात बर्फ कमी पडले की शेतकऱ्यांच्या वाट्यात कपात होते आणि तितकीच अभयारण्याच्याही. २०१७ सारख्या वर्षी मात्र इतके पाणी आले की पुराचा लोंढा फॅलन गावापासून दूर, दलदलीकडे वळवण्यासाठी घाईने नवा चर खणावा लागला.