मुंबई–नागपूर अंतर आणि प्रवासवेळ

मुंबई आणि नागपूर या राज्याच्या राजधानी व उपराजधानीतील विमानतळांचे अंतर सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर आहे. लोहमार्गाने, म्हणजे भुसावळ-अकोला-वर्ध्यावरून, ते 837 किलोमीटर भरते. धुळे-जळगाव-अकोला-अमरावती हा जुना रस्ता साधारण तेवढाच लांब असून त्यावर 14 ते 16 तास सहज मोडत.

रस्त्याचे हे गणित समृद्धी महामार्गाने बदलले. 701 किलोमीटरचा हा मार्ग 10 जिल्ह्यांतून जातो. नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. या शेवटच्या टप्प्यातल्या सुमारे 8 किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. मोटारीला सपाटीवर ताशी 120 आणि घाटात 100 किलोमीटरची मर्यादा आहे. मालवाहू वाहनांना 80 ची. दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही.

जाहिरातीतले ‘आठ तास’ मात्र आमणे ते नागपूरजवळचे शिवमडका एवढ्यापुरतेच. आमणे भिवंडीजवळ आहे. तिथून दादर किंवा अंधेरी गाठताना ठाण्याच्या माजिवड्यात संध्याकाळी गाडी अडकली, की महामार्गावर वाचवलेला तासभर तिथेच जातो. जेवण आणि दोन थांबे धरून घरापासून घरापर्यंत 10 ते 11 तास धरावेत. पहाटे पाचच्या आत मुंबई सोडणे उत्तम.

टोल जितके अंतर तितका, बाहेर पडताना फास्टॅगवरून कापला जातो. एप्रिल 2025 पासून मोटारीला किलोमीटरमागे 2.06 रुपये, म्हणजे पूर्ण मार्गाला साधारण 1,445 रुपये असा दर ठरला. लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या गाडीला एका फेरीस 50 लिटरच्या आसपास इंधन लागते. सलग 120 ने हाकल्यास हवेचा रोध वाढून त्याहून जास्त. विदर्भात शिरण्याआधीच टाकी भरून घ्यावी, कारण वाटेतले पंप दूर दूर आहेत.

घात होतो तो टायर आणि डुलकीमुळे. काँक्रीटचा तापलेला रस्ता आणि तासन्‌तास एकच वेग यांनी टायर तापतो. हवा कमी असेल तर त्याच्या बाजू सतत दबत-उलगडत राहून आतले थर सुटतात आणि तो फुटतो. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर छापलेला दाब भरून घ्यावा. गरम टायरची हवा ‘जास्त’ दिसली म्हणून सोडणे ही नेहमीची चूक आहे. सरळसोट रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष सुटते. दर दोन तासांनी उतरून चालणे हाच इलाज.

विमानाचे प्रत्यक्ष उड्डाण सव्वा तासाच्या आत-बाहेर. वेळापत्रकात धावपट्टीपर्यंतची रांग धरून दीड तास दाखवतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि पावसाळ्यात उतरणाऱ्या विमानांना घिरट्या घालाव्या लागतात. सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. घरून विमानतळ, तपासणी आणि सोनेगावच्या नागपूर विमानतळाहून शहर हे सारे मिळून चार ते पाच तास होतात. आता नवी मुंबईतही विमानतळ असल्याने तिकिटावर नेमका कोणता, हे पाहूनच टॅक्सी सांगावी.