आयता जॉइंट घेताना पाकिटावर नक्की काय बघायचं

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, त्यामुळे टोरंटोत आता चालत जाण्याच्या अंतरावर दोन-तीन दुकानं सहज सापडतात आणि ज्यांनी भारतात असताना चिलीम लांबूनसुद्धा पाहिली नव्हती अशी आपली मंडळीही तिथे कुतूहलाने आत शिरतात. नवख्या माणसाला स्वतः वळायला जमत नाही, म्हणून तो घेतो प्री-रोल, म्हणजे कारखान्यात भरून पाकिटात घातलेला आयता जॉइंट. काउंटरवर प्रश्न एकच असतो, स्ट्राँग कुठलाय? आणि समोरचा मुलगा टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या रसायनाचा, टक्का दाखवतो. माझं म्हणणं असं की २२ टक्केवाला घ्यावा की २८ टक्केवाला हे त्या आकड्यावरून ठरवण्यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा पाकिटावर बारीक अक्षरात जे असतं ते जास्त कामाचं आहे.

आधी तो आकडा काय असतो ते बघू. झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. मादी फुलावर जे बारीक चिकट केस असतात त्यांच्या टोकाला राळेचे थेंब असतात आणि त्यात असतं टीएचसीए, म्हणजे टीएचसीच्याच रेणूला कार्बन डायऑक्साइडचा तुकडा चिकटलेलं आम्ल. कच्चं फूल नुसतं चावून खाल्लं तर फारशी नशा येत नाही ती यामुळेच. काडी लावली की उष्णतेने तो तुकडा उडून जातो आणि उरतं ते टीएचसी, ज्याची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. तुकडा उडाला की रेणू हलका होतो, १०० मिलिग्रॅम टीएचसीएचं जास्तीत जास्त ८७.७ मिलिग्रॅम टीएचसी होतं, म्हणून लॅबवाले टीएचसीएला ०.८७७ ने गुणतात आणि त्यात मुळात असलेलं थोडं टीएचसी मिळवतात, त्याला म्हणतात टोटल टीएचसी. कॅनडात बरीच वर्षं पाकिटावर दोन्ही आकडे यायचे, एक अगदी छोटा आणि एक भलामोठा, आणि लोक छोटा वाचून हे तर हलकं दिसतंय म्हणून घेऊन जायचे. बघायचा असतो तो टोटल.

आता हिशोब करा. एक ग्रॅमचा प्री-रोल, २० टक्के, म्हणजे आत २०० मिलिग्रॅम टीएचसी. त्यातलं बरंचसं आगीत जळतं, बरंच टोकाकडून हवेत जातं, फुफ्फुसातून रक्तात पोचतं ते साधारण १० ते ३५ टक्के, म्हणजे २० ते ७० मिलिग्रॅम, आणि ओढणारा कसा ओढतो यावर ते फार बदलतं. हे जास्त की कमी? कॅनडात खायच्या गांजाच्या एका अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी घालायला परवानगी नाही (खाल्लेलं आणि ओढलेलं अगदी सारखं मोजता येत नाही, पण अंदाज येतो), आणि अमेरिकेत संशोधनासाठी एक युनिट धरतात ५ मिलिग्रॅमचं. त्या मापाने हा एक जॉइंट म्हणजे ४० युनिट. अमेरिकेत २०१६ मध्ये संशोधकांनी अंदाज काढला होता की लोक वळतात त्या जॉइंटमध्ये सरासरी ०.३२ ग्रॅम माल असतो, आणि १९९५ च्या सुमारास तिकडे पकडलेल्या गांजात टीएचसी असायचं ४ टक्क्यांच्या आसपास. ढोबळ गुणाकार केला तर कॉलेजात ओढलेल्या ज्या जॉइंटच्या गोष्टी काका लोक सांगतात त्यात १३ मिलिग्रॅम होतं आणि आज दुकानात मिळतो त्यात २००. नवख्या माणसाचं डोकं गरगरतं, छाती धडधडते, आता आपण मरतो की काय असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून ग्रॅमवाला घेऊच नका, ०.३ किंवा ०.५ ग्रॅमवाले छोटे मिळतात ते घ्या आणि तोही एकट्याने संपवायचा नसतो, एक-दोन झुरके मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं कारण ओढलेल्याचा असर तेवढ्यात कळतो.

मग टक्क्यात खोट काय? खोट अशी की तो फुगवलेला असू शकतो. जास्त टक्का जास्त भावाने विकला जातो, तपासणीचे पैसे कंपनीच लॅबला देते, साहजिकच जी लॅब मोठा आकडा देईल तिच्याकडे माल जातो. २०२३ मध्ये कोलोरॅडोतल्या दुकानांतून फुलं विकत आणून पुन्हा तपासली तेव्हा जवळपास ७० टक्के नमुन्यांमध्ये टीएचसी लेबलपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी भरलं. शिवाय एकाच झाडाच्या शेंड्याच्या आणि खालच्या फुलांत फरक असतो, प्री-रोलमध्ये तर सगळं एकत्र दळलेलं, त्यामुळे २६ आणि २८ मधला फरक म्हणजे निव्वळ छपाई.

दळलेलं हा शब्द महत्त्वाचा आहे. घरात मसाला दळून ठेवला की अख्ख्या खड्या मसाल्यापेक्षा त्याचा वास लवकर जातो, तसंच इथे. वास देणारी टर्पीन नावाची तेलं उडून जातात, मर्सीन, लिमोनीन वगैरे, त्यातलं कॅरिओफिलीन तर काळ्या मिरीतही असतं. आणि हवा-उजेड लागून टीएचसीचं हळूहळू सीबीएन नावाचं दुसरं रसायन होतं जे बरंच सौम्य आहे. म्हणून मी पाकिटावर पहिल्यांदा बघतो ती पॅक केल्याची तारीख. तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर ठीक, वर्ष झालं असेल तर सेल लागलेला असला तरी परत ठेवतो. दुसरं बघायचं की आत काय भरलंय. फक्त फूल असं लिहिलेलं असेल तर बरं, नाहीतर छाटताना निघालेली पानं आणि पोत्याच्या तळाचा चुराही भरता येतो, त्यात राळ कमी आणि हिरवा पाला जास्त, घसा जाळतो.

आता जळण्याबद्दल. निखारा स्वतः टीएचसी नुसतं जाळतो, खरी गंमत त्याच्या मागच्या काही मिलिमीटरात होते, झुरका मारला की तापलेली हवा मागच्या न जळलेल्या मालातून जाते, टीएचसीएचं टीएचसी करते, त्याची वाफ करते, ती वाफ पुढे गार होऊन बारीक थेंब होतात आणि ते थेंब तुम्ही ओढता. काही थेंब वाटेतच चिकटतात म्हणून शेवटचा तुकडा काळा, चिकट आणि कडक असतो. कारखान्यात कागदाचे शंकू एका हादरणाऱ्या पेटीत उभे करून वरून माल टाकतात, कधी वर दाबून बसतो आणि खाली पोकळ राहतो, मग जॉइंट एका बाजूने भराभर जळत जातो आणि दुसरी बाजू तशीच. बोटांनी हलकेच चाचपून बघितलं तर कळतं. फार सुकलेला असेल तर दाबल्यावर कुरकुरतो आणि कागदासारखा भसाभसा जळतो. तोंडाकडची पुठ्ठ्याची गुंडाळी फिल्टर नाही हं, ती नुसती तोंडात पाला येऊ नये म्हणून. आणि राख पांढरी म्हणजे माल चांगला हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात त्याला काही भक्कम आधार नाही, राखेचा रंग ओलावा आणि ज्वलन यावर बराच ठरतो.

पाकिटावर गांजाचा प्रकार लिहिलेला असतो, इंडिका म्हणजे झोप आणि सटायव्हा म्हणजे तरतरी, हेही असंच. २०२१ मध्ये शंभराहून जास्त नमुन्यांची जनुकं तपासून झालीत, लेबल आणि वंश यांचा फारसा मेळ बसला नाही, फरक दिसला तो मुख्यतः काही टर्पीनमध्ये. इन्फ्यूज्ड लिहिलेला प्री-रोल मात्र खरोखर वेगळा, त्यात वरून हॅश (गांजाचीच गोळा केलेली राळ) नाहीतर काढलेला अर्क घालतात, ३५-४० टक्क्यांच्या पुढे जातो, पहिल्यांदा घेणाऱ्याने त्याच्याकडे बघूसुद्धा नये. २०१९ च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात १० टक्क्यांच्या वरचा गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली होती, आणि तिथे १० टक्के म्हणजे कडक धरलं होतं, इथे दुकानात २० च्या खालचं शोधावं लागतं. घरात कोणाला असा आजार असेल किंवा वय पंचविशीच्या आत असेल तर मी तरी नको म्हणेन. धूर हा शेवटी धूरच, टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातही आहे.

लायसन असलेल्या दुकानाचा फायदा टक्क्यात नाही, बुरशी आणि कीटकनाशकांच्या तपासणीत आहे. कॅलिफोर्नियात अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या चार जाती, साल्मोनेला, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा आणि कितीतरी कीटकनाशकं तपासावी लागतात. गांजाचं झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं आणि मायक्लोब्युटॅनिलसारखं बुरशीनाशक जळलं की हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतं, त्यामुळे हे नुसतं कागदी प्रकरण नाही. तरी आंधळा विश्वास नको, २०२४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने लायसनवाल्या दुकानातला माल तपासून घेतला तर त्यातही कीटकनाशकं निघाली. पण विनालायसन दुकानात तर तेवढीही चाळणी नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून दुकानात मिळतं, पण केंद्रीय कायद्यात परवानगी नाही, आणि २०१९ च्या इमिग्रेशन खात्याच्या सूचनेनुसार राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाचा वापर नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो, एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांनी हे वकिलाला विचारूनच ठरवावं. कॅनडातून अमेरिकेत एक जॉइंट नेणंही गुन्हा. आणि भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात फुलोरा म्हणजेच गांजा, त्याचं एक किलोपर्यंत छोटं प्रमाण धरलं जातं, तरी शिक्षा एक वर्षापर्यंत, तेव्हा सुट्टीला मुंबईला येताना जॅकेटचे खिसे एकदा रिकामे करून बघा.