चुंबक आधी ओढायला आला, मोजायला नंतर

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत चुंबकाची क्रेन भंगार उचलते. वीज सुरू केली की लोखंड चिकटते, बंद केली की सुटते. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या लॅबमध्ये थायरॉइडसाठी दिलेले रक्त बऱ्याचदा अशाच खेळातून जाते. फरक इतकाच की तिथले ‘लोखंड’ केसाहूनही बारीक असते.

मुळात अडचण होती चिकटलेले आणि मोकळे वेगळे करण्याची. 1960 मध्ये रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून रक्तातले इन्सुलिन मोजले. 1977 मध्ये यॅलो यांना नोबेल मिळाले, बर्सन तोवर हयात नव्हते. त्यांची पद्धत अचूक होती, पण प्रतिपिंडाला (नेमका एक पदार्थ पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटलेले इन्सुलिन आणि मोकळे राहिलेले इन्सुलिन वेगळे काढावे लागे, आणि ते काम किचकट होते. 1971 मध्ये किरणोत्सारी खुणेऐवजी विकर वापरणारी एलायझा चाचणी आली, किरणोत्साराची गरज संपली. मोकळे राहिलेले धुऊन काढण्याची कटकट मात्र राहिलीच.

ती सोडवली नॉर्वेच्या जॉन उगेलस्टाड यांनी. 1970च्या दशकात त्यांनी एकसारख्या आकाराचे प्लास्टिकचे मणी घडवले आणि पुढे त्यांत लोहाचे ऑक्साइड भरले. मला या गोष्टीतले सर्वांत सुंदर वाटते ते त्या ऑक्साइडचे वागणे. त्याचे दाणे अवघे काही नॅनोमीटरचे, त्यामुळे बाहेरचा चुंबक दूर केला की त्यांचे चुंबकत्व उरतच नाही. मणी एकमेकांना चिकटून गुठळी होत नाही, ते पुन्हा द्रवात पसरतात. मण्यांवर प्रतिपिंड बसवलेले असते. नळीला चुंबक लावा, मणी पकडलेला पदार्थ घेऊन कडेला येतात. बाकीचे ओतून टाका, धुवा. कोरोनाच्या काळात विषाणूचा आरएनए वेगळा काढायलाही अनेक ठिकाणी असेच मणी वापरले.

इथवर चुंबक फक्त ओढत होता. रक्ताला स्वतःचे चुंबकत्व जवळपास नसतेच. मग मण्यांचेच चुंबकत्व का मोजू नये? गढूळ नमुन्यात प्रकाश अडखळतो, चुंबकीय क्षेत्र अडत नाही. 1988 मध्ये सापडलेल्या महाचुंबकरोधाच्या (चुंबकीय क्षेत्रात विद्युतरोध खूप बदलण्याच्या) परिणामावर चालणारे संवेदक हाताशी आल्यावर, 1998 मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील डेव्हिड बॅसेल्ट आणि सहकाऱ्यांनी चिपवर बसलेले मणी टिपून दाखवले. दुसरी वाट आणखी साधी: कणाला रेणू चिकटला की तो अंगाने मोठा होतो, द्रवात सावकाश वळतो. त्या वळण्याचा वेळ मोजला की धुण्याचीही गरज नाही.

थायरॉइडच्या नेहमीच्या यंत्रात मात्र मणी अजून ओढण्यापुरताच असतो. आकडा येतो तो रासायनिक प्रकाश मोजून.